जुना उपग्रह पडायला आलाय: ठाणे-नवी मुंबईतून हिशेब कसा करायचा

अधूनमधून सोसायटीच्या ग्रुपवर जगाचा एक नकाशा येतो. त्यावर नागमोडी रेघा, एक रेघ नेमकी महाराष्ट्रावरून गेलेली, आणि खाली 'सर्वांनी काळजी घ्यावी'. नकाशा बहुतेक वेळा खराच असतो, चुकतं ते त्याचं वाचन. अनियंत्रित यान खाली येतं तेव्हा जगातली कुठलीही संस्था जागेचा अंदाज देत नाही, देते वेळेचा. त्या वेळेवरून जागा काढायची असते. यान मिनिटाला साडेचारशे किलोमीटरहून जास्त पळत असल्याने वेळेत दीड मिनिट चुकलं तर ठाण्याचं नागपूर होतं. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो.

आधी पडतंय काय ते बघा

प्रत्येक बातमीमागे धावायची गरज नाही. लहान उपग्रह जवळजवळ रोजच वातावरणात शिरतात आणि वरच्यावर राख होतात. लक्ष द्यावं असे प्रकार तीन.

पहिला, एका टनाहून जड उपग्रह किंवा अंतराळस्थानक. यात वस्तुमानाचा साधारण दहा ते चाळीस टक्के भाग जमिनीपर्यंत पोचू शकतो. दुसरा, रॉकेटचा वरचा टप्पा. उपग्रहांच्या यादीत त्याच्या नावापुढे 'आर/बी' (रॉकेट बॉडी) असं लिहिलेलं असतं. याच्या गोल टाक्या टायटॅनियमच्या किंवा कार्बन धाग्याने गुंडाळलेल्या असतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टायटॅनियमला १,६६८ अंश सेल्सियस लागतात, म्हणून सांगाडा जळून जातो आणि टाकी शाबूत उतरते. तिसरा प्रकार दुर्मीळ: मुळात उष्णता सोसायलाच बनवलेली वस्तू. ३१ मार्च १९७२ला सोव्हिएत संघाने शुक्राकडे पाठवलेलं कॉसमॉस ४८२ हे त्यातलं. त्याचं रॉकेट बिघडलं, यान पृथ्वीभोवतीच अडकलं, आणि ४९५ किलोंची त्याची उतरण्याची कुपी त्रेपन्न वर्षं फिरत राहिली. शुक्राच्या वातावरणासाठी केलेलं कवच पृथ्वीच्या वातावरणात जळणार नाही हे उघड होतं, म्हणूनच १० मे २०२५ला ती पडली तेव्हा एवढी चर्चा झाली.

बातमीत 'नियंत्रित' हा शब्द असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. २००१ साली मीर स्थानक, मार्च २०२३ मध्ये इस्रोचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह या दोन्हींत इंधन शिल्लक होतं किंवा राखून ठेवलं होतं, आणि त्या जोरावर त्यांना समुद्राकडे वळवलं. अनियंत्रित म्हणजे इंधन संपलेलं किंवा आज्ञा ऐकणारं कोणी उरलेलं नाही असं यान. इस्रोचा रिसॅट-२ ऑक्टोबर २०२२ मध्ये असाच, पण इंधन आधीच संपल्यामुळे टाकीत स्फोटाचं भय नसताना, जकार्ताजवळ हिंदी महासागरावर उतरला.

वेळेचा पट्टा वाचणं

अमेरिकी लष्कराच्या स्पेस-ट्रॅक या संकेतस्थळावर फुकट नोंदणी करा. तिथे 'टिप' नावाचे संदेश येतात: शेवटचे चार दिवस रोज, मग बारा, सहा आणि दोन तास आधी. नोंदणी नको असेल तर एरोस्पेस कॉर्पोरेशन या अमेरिकी संस्थेच्या पुनःप्रवेशाच्या यादीत यानाचं नाव शोधा. युरोपीय अंतराळ संस्थाही मोठ्या यानांचे अंदाज देते. तिन्हींचे आकडे जुळत नसतील तर घाबरू नका. वातावरणाची प्रारूपं वेगळी, म्हणून आकडे वेगळे.

संदेशात दोन गोष्टी असतात: मधली वेळ आणि तिच्या आगेमागे किती. वेळ जागतिक, म्हणजे यूटीसी. तिच्यात साडेपाच तास मिळवा. मिळवताना तारीख बदलते का ते बघा. रात्री आठची यूटीसी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची दीड, आणि ग्रुपवरचे निम्मे गोंधळ इथेच होतात.

'आगेमागे किती' याचा ढोबळ नियम असा: उरलेल्या वेळेच्या वीस टक्के. पाच दिवस उरले असतील तर आगेमागे एक दिवस. एक दिवस उरला तर आगेमागे जवळजवळ पाच तास. सहा तास उरले असताना आगेमागे सव्वा तास, आणि शेवटच्या संदेशात, दोन तास आधी, आगेमागे चोवीस मिनिटं. हा शेवटचा आकडा नीट बघा. एकूण अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि यान पृथ्वीची एक फेरी ८८ मिनिटांत करतं. म्हणजे सगळ्या जगातल्या रडारांनी जोर लावून, दोन तास आधी सांगितलेली जागा ही अर्ध्या पृथ्वीपेक्षा लांब रेघ असते. अमुक शहरावर पडणार असं कोणी आदल्या दिवशी सांगत असेल तर त्याला हा हिशेब विचारा.

इतकी अनिश्चितता का, तर दीडशे किलोमीटर उंचीवरची हवा सूर्याच्या लहरीवर चालते. सौरवादळ आलं की वरचं वातावरण तापून फुगतं, घर्षण वाढतं, यान लवकर पडतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रह एका मध्यम वादळाने खाली ओढले. अमेरिकेचं स्कायलॅब स्थानकही अपेक्षेपेक्षा काही वर्षं आधी आलं ते त्या काळातल्या जोरदार सौरचक्रामुळे. दुसरं कारण यानाचं गडगडणं: रुंद बाजू पुढे असली की घर्षण जास्त, टोक पुढे असलं की कमी, आणि ते कसं फिरतंय हे खालून नीट दिसत नाही. तिसरं म्हणजे महासागरांवर रडार नाहीत. तासभर कोणालाच दिसत नाही असंही होतं. कॉसमॉस ४८२ पडल्याचं युरोपला कळलं ते पुढच्या फेरीत जर्मनीतल्या रडारसमोर ते आलंच नाही म्हणून. रशियाने वेळ दिली ती आपल्या घड्याळाने सकाळी ११ वाजून ५४ मिनिटं, जागा जकार्ताच्या पश्चिमेला हिंदी महासागर.

घटनेनंतर कधीकधी 'आगेमागे एक मिनिट' असा संदेश येतो. तो अंदाज नव्हे. क्षेपणास्त्रांचा इशारा देणाऱ्या लष्करी उपग्रहांनी जळतानाची उष्णता प्रत्यक्ष टिपलेली असते. हाच संदेश जपून ठेवा, पुढे तुकड्याची ओळख पटवायला लागतो.

नकाशावरची रेघ

एरोस्पेस कॉर्पोरेशनच्या नकाशात मधल्या वेळेच्या जागी एक पिवळी खूण असते. त्या आधीच्या वेळेची रेघ निळी, नंतरची पिवळी, आणि दर पाच मिनिटांवर बारीक काप. पिवळी खूण बंगालच्या उपसागरात आहे म्हणून यान तिथे पडणार असा अर्थ काढू नका. सगळी निळी-पिवळी रेघ सारख्याच तोलाची समजा, आणि रेघ सोडून बाकी जग मात्र यादीतून काढून टाका. हे काढून टाकणंच या नकाशाचं खरं काम. एकही रेघ ठाण्याच्या जवळून जात नसेल आणि पट्टा बारा तासांच्या आत आलेला असेल, तर त्या यानाचा तुमच्याशी संबंध बहुतेक संपला.

एक उदाहरण घ्या. मधली वेळ संध्याकाळी साडेसात, आगेमागे तीन तास. पट्टा साडेचार ते साडेदहा. सहा तासांत चार फेऱ्या, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटरची रेघ. यातली एक फेरी ठाण्यावरून जाते असं धरा. ठाण्याच्या आगेमागे पाचशे-पाचशे किलोमीटर, म्हणजे अगदी सैल हाताने 'आपल्याकडे' धरलं, तरी तो रेघेचा एकशेसाठावा भाग. नासाच्या यूएआरएस उपग्रहाच्या वेळी, २०११ साली, जगातल्या कोणालाही इजा होण्याची शक्यता ३,२०० त एक अशी दिली होती. ती माणशी वाटली तर साधारण २२ लाख कोटीत एक येते. घोडबंदर रोडवरून दुचाकीने कामाला जाणाऱ्याने या आकड्याची फार चिंता करू नये.

एका फेरीत पृथ्वी पूर्वेकडे २२ अंश वळते. म्हणून ठाण्याच्या अक्षांशावर लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये सुमारे २,३०० किलोमीटरचं अंतर पडतं, आणि पुढची फेरी नेहमी पश्चिमेला सरकते. आत्ताची फेरी कोलकात्याच्या पूर्वेकडून गेली असेल तर पुढची आपल्या आसपास, आणि त्यापुढची अरबस्तानावरून. हे डोक्यात पक्कं असलं की संगणक नसतानाही अंदाज बांधता येतो.

टीएलई स्वतः वाचायचं असेल तर

सेलेस्ट्रॅक किंवा स्पेस-ट्रॅकवर प्रत्येक वस्तूच्या कक्षेचं वर्णन दोन ओळींत मिळतं. त्याला टीएलई म्हणतात. शोधायला नावापेक्षा यादीतला क्रमांक वापरा (कॉसमॉस ४८२च्या कुपीचा ६०७३ होता), कारण एकाच नावाचे चारपाच तुकडे असतात. दोन ओळी कोड्यासारख्या दिसतात, पण आपल्याला चारच आकडे लागतात.

पहिल्या ओळीत १९ ते ३२ या रकान्यांत या माहितीची तारीख असते. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे, आणि दशांश चिन्हापुढे दिवसाचा भाग. २५१२९.५ म्हणजे २०२५चा १२९वा दिवस, ९ मे, दुपारी बारा यूटीसी, आपले साडेपाच.

त्याच ओळीत ३४ ते ४३ या रकान्यांत फेऱ्यांचा वेग दिवसाला किती वाढतोय त्याच्या निम्मा आकडा असतो. दुप्पट करून वापरा. रोज हा आकडा फुगत जातो. तो फुगायचं थांबला असं दिसलं तर माहिती ताजी नाही एवढंच समजा.

दुसऱ्या ओळीत ९ ते १६ मध्ये कक्षेचा कल. यान उत्तर-दक्षिणेला या अंशापलीकडे जात नाही. ठाणे १९.२ अंश उत्तरेला, पनवेल १९ अंशांच्या किंचित खाली. कल १५ असेल तर यान आपल्या डोक्यावरून जाणारच नाही. उलट कल २० ते २८च्या दरम्यान असेल तर जरा कान टवकारा, कारण कुठलंही यान आपल्या कक्षेच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळच्या अक्षांशांवर जास्त वेळ घालवतं.

चौथा आकडा दुसऱ्या ओळीत ५३ ते ६३ मध्ये: दिवसाला किती फेऱ्या. कक्षा गोल धरली तर १५.५ म्हणजे सुमारे ४१५ किलोमीटर उंची, १६.० म्हणजे २७५, १६.४ म्हणजे १६५, आणि १६.५ म्हणजे १४०. सोळा पूर्णांक चार दशांश ओलांडले की दिवस मोजायचं सोडून तास मोजायला लागा. १२० किलोमीटरच्या आसपास घर्षण ताबा घेतं, आणि साधारण ८० किलोमीटरवर यान फुटतं.

आता इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. टीएलई जीप्रेडिक्ट या संगणक प्रणालीत टाकलं किंवा यान हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर बघितलं की सुंदर रेघ दिसते, आणि ती सेकंदापर्यंत अचूक वाटते. पण टीएलई वीस तास जुनं असेल तर मधल्या काळात यान आणखी खाली येऊन वेगाने फिरू लागलेलं असतं. ते नकाशापेक्षा काही मिनिटं आधी पोचतं. आधी पोचलं म्हणजे तोवर पृथ्वी कमी वळलेली, म्हणजे खरी रेघ नकाशातल्या रेघेच्या पूर्वेला. ठाण्याच्या अक्षांशावर मिनिटाला सुमारे २६ किलोमीटर. नकाशात रेघ मुंबईच्या पश्चिमेला अडीचशे किलोमीटर समुद्रातून जात असेल आणि यान दहा मिनिटं आधी आलं, तर ते तुमच्या डोक्यावरून जाईल. म्हणून शेवटच्या दिवशी टीएलई पाच-सहा तासांहून जुनं वापरू नका, आणि रेघ काढल्यावर तिच्या पूर्वेकडे थोडी जागा सोडून बघा.

फेरी कुठून येणार, उभं कुठे राहायचं

कल ५२ अंशांच्या आसपास असेल (कॉसमॉस ४८२, आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे गेलेले बरेच टप्पे) तर ठाण्यावरून जायच्या दोनच वाटा. चढती फेरी नैर्ऋत्येला अरबी समुद्रावरून येते आणि नाशिकच्या दिशेने निघून जाते. उतरती फेरी वायव्येकडून, सौराष्ट्राच्या बाजूने येते आणि पुण्याकडे जाते. कल २८ असेल तर चढती फेरी बुलढाण्याच्या रोखाने, जवळजवळ पूर्वेकडे पळते. ९८ अंशांच्या ध्रुवीय कक्षा उत्तर-दक्षिण जातात: वर सुरतेच्या बाजूला, खाली कोकण किनाऱ्याला धरून.

चढत्या फेरीसाठी पाम बीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला नैर्ऋत्य मोकळी मिळते. बेलापूर-खारघरला ईशान्येकडे डोंगर आडवे येतात, त्यामुळे तिथून येताना दिसेल, जाताना लपेल. ठाण्यात उतरत्या फेरीसाठी गायमुखची चौपाटी बरी. शहरातल्या बहुतेक इमारतींना पश्चिमेला येऊरचे डोंगर अडवतात. रात्री येऊरला जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे बिबटे आहेत. सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वतःच्या इमारतीची गच्ची, फक्त किल्ली सेक्रेटरीकडून आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू तीनशे किलोमीटर दूरून क्षितिजावर साधारण तेरा अंश दिसते, पाचशे किलोमीटरवरून सात अंश. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी दहा अंश. म्हणजे पुण्याच्या बरंच पलीकडे, तीनशे किलोमीटरवर जळणारं यान मूठ-दीड मूठ उंचीवरच दिसणार, आणि समोर सात मजली इमारत असेल तर दिसणारच नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे नाद सोडलेला बरा. इतर वेळी मध्यरात्रही चालते: साधा उपग्रह दिसायला त्याच्यावर ऊन पडावं लागतं, जळणारा मात्र स्वतःच्या उजेडाने दिसतो.

ते उल्का नाही हे कसं ओळखायचं

उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. पडणारं यान कमी वेगाने, सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवं जातं. अर्धं मिनिट ते दोन मिनिटं दिसतं. एकाचे अनेक ठिपके होतात, प्रत्येकाला नारिंगी-पिवळी शेपटी, आणि सगळे एकाच दिशेने, रांगेत, मागेपुढे. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातून दिसलेला देखावा हुबेहूब असाच होता. तेव्हा कित्येकांनी त्याला उल्कावर्षाव म्हटलं. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा होता. स्टारलिंकची रांगही ओळीत दिसते, पण ते ठिपके शांत, पांढरे, शेपटीविना असतात. विमानाचा दिवा उतरताना मिनिटन्मिनिटं एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो, आणि आपल्या भागात विमानांची वर्दळ एवढी आहे की हा गैरसमज रोजचा.

दिसलं तर फोन आडवा धरा, झूम करू नका, आणि चित्रात एखादी इमारत किंवा विजेचा खांब येऊ द्या. खांबाशिवायचा व्हिडिओ बघायला छान, मोजायला निरुपयोगी. पळत जाऊन चांगली जागा शोधण्यात वेळ घालवू नका. संपल्यावर लगेच फोनवर वेळ सेकंदांसकट लिहून ठेवा, तुम्ही उभे होतात ती जागा नकाशावर खुणावून ठेवा, आणि पाच मिनिटं कान देऊन थांबा. तुकडे जवळ असतील तर दणका चार मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा येतो, कारण आवाजाला ८० किलोमीटर यायला तेवढा वेळ लागतो. त्याच पाच मिनिटांत लोक 'काही झालं नाही' म्हणून घरात जातात. नोंद आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या अग्निगोल अर्जात किंवा मुंबईच्या खगोल मंडळासारख्या हौशी संस्थांकडे द्या.

जे दिसलं ते तुमच्या जवळ पडलं असं नसतं. फुटल्यानंतर जड तुकडे पुढे जातात, हलके मागे राहतात, आणि मोठ्या यानाचे तुकडे रेघेवर आठशे किलोमीटर किंवा त्याहून लांब विखुरतात. ठाण्यावर फुटलेल्या यानाचा जड भाग विदर्भात किंवा त्यापलीकडे सापडेल. पाडव्याच्या त्या टप्प्याचं सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मिळालं, आणि आसपास गोल टाक्या. शेवटचे काही किलोमीटर तुकडे जवळजवळ सरळ खाली पडतात, जळत नाहीत, आणि जमिनीला लागतात तेव्हा फार तर कोमट असतात. पेटता गोळा शेतात पडून आग लागली, ही कहाणी बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाची तरी असते.

तुकडा सापडला तर

लांब थांबा. गोल टाकी असेल तर निदान पन्नास मीटर, आणि वारा तुमच्याकडून टाकीकडे वाहत असेल अशा बाजूला. टाकीत हायड्राझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं. त्याला अमोनियासारखा, थोडा माशासारखा वास येतो, आणि खाडीकाठी माशाच्या वासाचं कोणाला काही वाटत नाही हीच अडचण आहे. वास आला म्हणजे ते अंगात जायला लागलं, म्हणून 'जवळ जाऊन वास घेऊन बघतो' हा प्रयोग कोणालाही करू देऊ नका. टाकीत दाब शिल्लक असेल तर आपटल्यावर ती फुटू शकते. काळ्या धाग्यांनी गुंडाळलेली टाकी असेल तर तुटलेले कार्बनचे धागे कातडीत आणि डोळ्यांत जातात, खाजवत बसावं लागतं.

हात लागलाच असेल तर कपडे काढून बाजूला ठेवा, भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, आणि रुग्णालयात जाऊन 'रॉकेटच्या इंधनाचा संशय आहे' असं स्पष्ट सांगा.

११२ला फोन करा, किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर. सांगायचं ते चार वाक्यांत: कुठे, केवढं, वास किंवा धूर आहे का, कोणी हात लावलाय का. 'उपग्रह पडला' असं आधी सांगितलं तर समोरचा माणूस हसण्याची शक्यता असते. 'अनोळखी धातूची टाकी पडली आहे, वास येतोय' असं सांगितलं तर गाडी निघते. किरणोत्साराची शंका असण्याचं कारण फारच क्वचित असतं. कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह २४ जानेवारी १९७८ला कॅनडात पडला होता, पण तसे उपग्रह आता खालच्या कक्षेत सोडत नाहीत. तरीही ठरवायचं काम अणुऊर्जा विभागाच्या पथकाचं, तुमचं नव्हे.

खाडीत पडलं असेल तर ओहोटीला चिखलात उतरून बघायला जाऊ नका. रिकामी गोल टाकी तरंगते आणि जाळ्यात येते. कोळीवाड्यात ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: जाळं कापा, टाकी होडीत घेऊ नका.

आणि भंगारवाल्याला बोलावू नका. टायटॅनियमला भाव चांगला येतो हे त्यालाही ठाऊक असतं. तो गॅस कटर लावेल, आणि आत इंधन असेल तर पुढचं सांगायला नको.

फोटो मात्र भरपूर काढा, लांबूनच. मापासाठी शेजारी विट किंवा पाण्याची बाटली ठेवायचा मोह आवरा. मागची भिंत किंवा विजेचा खांब मापाला पुरतो. अक्षरं, आकडे, वेल्डिंगचे सांधे, बोल्टची रांग दिसेल असे जवळचे फोटो झूमने घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०२३ साली किनाऱ्यावर लागलेला मोठा घुमट आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा आहे हे फोटोंवरूनच आधी लक्षात आलं होतं, अधिकृत खात्री नंतर झाली.

सापडलेली वस्तू यानाची नसेल अशीही शक्यता ठेवा. थर्माकोलची पांढरी पेटी आणि फाटलेला रबरी फुगा म्हणजे हवामान खात्याचा रेडिओसाँड, वरच्या हवेची मोजणी करणारं यंत्र. पॅराशूटला बांधलेली मोठी पेटी मराठवाडा-विदर्भात सापडली तर ती हैदराबादहून टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या फुग्यासोबत आलेली असू शकते. तिच्यावर कुणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं.

नुकसान झालं तर

गच्चीचा पत्रा, पाण्याची टाकी किंवा गाडी फुटली तर पोलिसांकडून पंचनाम्याची प्रत घ्या आणि तुकडा हलवायच्या आधीचे फोटो ठेवा. सोसायटीच्या विम्याची पॉलिसी काढून बघा. आगीच्या प्रमाणित विम्यात विमान आणि 'अंतराळ उपकरणां'वरून पडलेल्या वस्तूंमुळे झालेलं नुकसान धरलेलं असतं, फक्त दाबलहरींनी झालेलं वगळलेलं असतं. म्हणजे तुकड्याने फुटलेली काच मिळेल, नुसत्या दणक्याने तडकलेली मिळणार नाही. पंचनाम्यात तुकडा कुठे लागला हे नेमकं लिहून घ्या, ते यासाठीच.

१९७२च्या दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी यान सोडणाऱ्या देशावर, चूक कोणाची हे न बघता. दावा मात्र तुम्ही करायचा नसतो. भारत सरकार तो राजनैतिक मार्गाने करतं, आणि त्याला एक वर्षाची मुदत असते. कॉसमॉस ९५४च्या वेळी कॅनडाने साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले होते, १९८१ साली तीस लाखांवर तडजोड झाली. म्हणून तहसीलदार किंवा महापालिकेकडे लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या, पोच घ्या, आणि सोबत 'आगेमागे एक मिनिट'वाल्या संदेशाची छापील प्रत जोडा. त्या प्रतीवरची वेळ आणि तुमच्या पंचनाम्यातली वेळ जुळली तर तुकडा कोणाचा हे ठरवणं सोपं जातं.

तुकडा तुमच्या अंगणात पडला तरी तो तुमचा होत नाही. १९६७च्या अंतराळ करारानुसार तुकडा पडला म्हणून मालकी बदलत नाही, आणि १९६८च्या करारानुसार सोडणाऱ्या देशाने मागितला तर तो परत द्यावा लागतो. त्या देशाकडून कोणी येईपर्यंत वस्तू पोलीस ठाण्यात जमा राहते, जसं लाडबोरीचं कडं सिंदेवाहीला राहिलं. गणपतीच्या देखाव्यासाठी ती मागायला जाऊ नका.